बंद खोलीतली बेसिल, जास्तीचा उजेड आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर

आमची खोली तळेगाव दाभाडेच्या पुढे, गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला आहे. १४ बाय १० फूट, नऊ फूट उंच, पफ पॅनेलच्या भिंती. आत दोन रॅक, प्रत्येकी चार मजल्यांचे. एकावर बेसिल, दुसऱ्यावर लेट्यूस. माती नाही, पाइपमधून खताचं पाणी फिरतं. मी आणि माझा मावसभाऊ मिळून बघतो, रोपांचं आणि कापणीचं काम गावातल्या एक मावशी करतात. जुलै २०२४ मध्ये पहिला माल निघाला. त्यानंतरच्या वर्षी खोलीत जास्तीचा उजेड आणि कार्बन डायऑक्साइड देण्याची व्यवस्था केली. ते करताना ज्यांना विचारावं असं जवळपास कुणी सापडलं नाही, म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते आहे.

सुरुवात दिव्यांपासून झाली. जानेवारी २०२५ मध्ये बेसिलच्या रॅकचे एलईडी बदलले. पानांवर पडणारा उजेड मोजायचं एक माप आहे, एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल. आधी ते १८०च्या आसपास होतं, नव्या दिव्यांनी ३५०पर्यंत गेलं. दिव्यांचे साधारण ४२ हजार रुपये झाले. उजेड जवळजवळ दुप्पट झाला, तेव्हा निदान दीडपट तरी पाला निघेल असा हिशेब होता. प्रत्यक्षात पानं थोडी जाड झाली, रंग गडद झाला आणि वजन जेमतेम वाढलं. विजेचं बिल मात्र इमानदारीत वाढलं. खताचं पाणी तपासलं, पीएच बघितला, मुळं बघितली. सगळं ठीक. पाणी कुठे मुरतंय तेच कळेना.

फेब्रुवारीत भावाने ओळखीच्यांकडून हातात धरायचा कार्बन डायऑक्साइड मीटर आणला. दिवे लागून चार तास झाले होते, दार बंद होतं. मीटर दारातून आत सरकवला, आम्ही बाहेरच थांबलो आणि काचेतून बघत राहिलो. बाहेर ४३० दाखवणारा आकडा हळूहळू उतरत २३०वर येऊन थांबला. मग मावशी आत गेल्या, त्यांच्या मागे आम्ही दोघं. दहा मिनिटांत आकडा ५०० ओलांडून वर. आपण तिघं नुसते उभे राहून श्वास सोडत होतो तेवढ्यात!

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच हवा गार करून फिरवतो. बाहेरच्या हवेत दहा लाख भागांत सव्वाचारशेच्या थोडे वर एवढाच कार्बन डायऑक्साइड असतो. बंद खोलीत जोरदार उजेडाखाली झाडं तो काही तासांत निम्म्यावर आणतात. फटींमधून जेवढा नवा येतो तेवढ्यावर मग त्यांचं भागतं. म्हणजे आम्ही दिवे दुप्पट केले, पण झाडांना कच्चा मालच पुरत नव्हता.

हे इथेच सांगून टाकते, कारण यावर बहुतेकांचा गोंधळ होतो. गॅसमुळे वाढ होते ती सरळ रेषेत नाही. २३०वरून ४००वर आणण्यात सर्वांत मोठा फायदा आहे. ४००वरून ८००वर नेण्यातही चांगला फायदा आहे, पण उजेड पुरेसा असेल तरच. हजार-बाराशेच्या पुढे गॅस सोडणं म्हणजे पैसे हवेत सोडणं. कमी उजेडात गॅस वाढवूनही फार काही हाती लागत नाही, आणि गॅस नसताना उजेड वाढवला तर काय होतं ते आम्ही जानेवारीत बघितलंच होतं.

पहिला विचार अर्थातच फुकटचा: पंखा लावा आणि बाहेरची हवा आत घ्या. फेब्रुवारीच्या रात्री ते जमलंही. पण मार्च लागला आणि आतला एसी बाहेरच्या गरम हवेशी भांडत बसला. जूनपासून त्यात दमट हवेची भर पडणार होती. मग साखर-यीस्टच्या बाटल्यांचा सल्ला आला. तो कागदावरच निकालात निघाला: एक किलो साखर पूर्ण आंबली तरी अर्धा किलोच्या आसपासच कार्बन डायऑक्साइड मिळतो. आमची गरज दिवसाला साधारण तेवढीच होती, म्हणजे रोज किलोभर साखर आंबवत बसायची. एलपीजीचा बर्नर? एक किलो एलपीजी जळून जवळजवळ तीन किलो कार्बन डायऑक्साइड मिळतो हे खरं, पण त्यासोबत दीड किलोवर पाण्याची वाफ आणि भरपूर उष्णता. नेदरलँडमधले ग्रीनहाऊसवाले नैसर्गिक वायू जाळून हेच करतात, कारण त्यांना ती उष्णता हवी असते. दिवसा ती पाण्याच्या टाकीत साठवतात आणि रात्री वापरतात. रॉटरडॅमजवळच्या तेल शुद्धीकरण कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड २००५पासून पाइपलाइनने तिथल्या ग्रीनहाऊसना पुरवलाही जातो. आम्हाला उष्णता बाहेर काढायचेच पैसे पडत होते. शिवाय ज्योत नीट जळली नाही तर इथिलीन आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पहिला झाडांना बाधतो, दुसरा माणसांना. त्यामुळे उरला सिलिंडर.

पण गॅसच्या आधी वीज. जुना जोड सिंगल फेज, तीन किलोवॅट मंजूर भाराचा. दोन्ही रॅकचे दिवे, एसी, पंप, पंखे आणि पुढे येणारा डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा काढणारं यंत्र) धरून आम्ही थ्री फेज दहा किलोवॅटसाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात अर्ज केला. कागद असे लागले: ए-वन अर्ज, सातबारा, आधार, मागचं वीजबिल, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट. सातबाऱ्यावर आईसोबत दोन मामांची नावं आहेत, त्यामुळे त्यांचं संमतीपत्र जोडावं लागलं. एक मामा सोलापूरला, त्यांच्या सहीत आठवडा गेला. सामाईक सातबारा असेल तर हे काम सगळ्यात आधी करून ठेवा.

खरा प्रश्न दराच्या वर्गवारीचा होता. महावितरणच्या दरपत्रकात ‘कृषी – इतर’ अशी वर्गवारी आहे. तिच्यात ग्रीनहाऊस, टिश्यू कल्चर, मशरूम अशी उच्च तंत्रज्ञानाची शेती बसते; अट एवढीच की ती वीज फक्त पीक घेण्याच्या कामासाठी वापरली जावी. एलईडीखालच्या खोलीचं नाव त्यात थेट नाही. व्यावसायिक दर लागला असता तर आमचं गणित तिथेच संपलं असतं. पाहणीला आलेले कनिष्ठ अभियंता दार उघडून क्षणभर उभेच राहिले. “हे गोदाम आहे का शेती?” मावशींनी कापलेल्या बेसिलची जुडी त्यांच्या हातात दिली. “वास घ्या ना साहेब, गोदामाला असा वास असतो का?” ते हसले, पण त्यांनी लेखी मागितलं ते मागितलंच: आत कोणतं पीक आहे, धुणं-पॅकिंग आत होतं का, शीतगृह आहे का. आमचं पॅकिंग घरच्या पडवीत होतं, तिथला मीटर वेगळा. तसं पत्र, आतले फोटो आणि बियाणं-खताची बिलं जोडली. एप्रिलच्या मध्यावर कोटेशन आलं, ते ऑनलाइन भरलं, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात नवा मीटर बसला. अनामत, कंत्राटदार आणि केबल धरून ३८ हजारांच्या घरात खर्च. ज्यांना असा अर्ज करायचाय त्यांनी पॅकिंगची जागा आणि मीटर आधीच वेगळे ठेवलेले बरे.

मीटरची वाट बघत असताना गॅसवाला शोधला. शेतीचं दुकान याला उपयोगाचं नाही. सोडावाटर आणि कोल्ड्रिंकवाल्यांना किंवा मिग वेल्डिंगच्या वर्कशॉपला जो गॅस देतो, त्याच्याकडे जायचं. चाकण-तळेगाव पट्ट्यात कारखाने इतके आहेत की असे विक्रेते सापडायला वेळ लागला नाही, पण “झाडांना” म्हटल्यावर दोघांनी फोनच ठेवला. तिसरे काका निवांत होते. म्हणाले, “ताई, सोड्याला देतो तोच घ्या, वेल्डिंगचा नको. झाडं खाणार आणि तुम्ही ती खाणार.” ३० किलोचा भरलेला सिलिंडर, अनामत नऊ हजार, भरणावळ १,३५०, आधार आणि जागेचा पुरावा. एक-दोन सिलिंडर ठेवायला वेगळा परवाना लागत नाही. सिलिंडर घेताना त्याच्या खांद्यावर ठोकलेली चाचणीची तारीख वाचा. दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी व्हावी लागते, आणि ती उलटून गेलेला सिलिंडर हातात पडला तर परत पाठवा.

आता जागेबद्दल, आणि इथे मी जरा कडक बोलणार आहे. सिलिंडर खोलीच्या आत ठेवायचा नाही. सोयीचं असलं तरी नाही, एका रात्रीपुरताही नाही. आमची खोली साधारण ३६ घनमीटरची. ३० किलो गॅस मोकळा झाला तर त्याचे १६ घनमीटरच्या वर होतात. झडप फुटली तर खोलीतल्या हवेचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त नुसता कार्बन डायऑक्साइड होईल, आणि त्यात शिरलेला माणूस दोन-चार श्वासांत कोसळू शकतो. गॅसला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड असल्यामुळे खाली साचतो. आमचा सिलिंडर बाहेर पत्र्याच्या सावलीत, भिंतीला साखळीने बांधलेला आहे. आत फक्त बोटाएवढी नळी येते.

जोडणी मेच्या शेवटी केली. रेग्युलेटर मिग वेल्डिंगवाल्यांकडचाच, हीटर असलेला, कारण गॅस सुटताना इतका थंड होतो की साध्या रेग्युलेटरवर बर्फ धरतो. त्यापुढे सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडणारी झडप, वीज नसताना बंद राहणारा. हे दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घ्या. उलट प्रकारचा बसला तर लाइट गेल्यावर गॅस सुटत राहील, आणि आमच्याकडे दर आठवड्याला दुरुस्तीसाठी वीज जाते. मग सेन्सरचा कंट्रोलर: ७५०ला गॅस चालू, ८५०ला बंद, आणि दिवे बंद असतील तर काहीही झालं तरी बंद. अंधारात झाडं हा गॅस घेत नाहीत, उलट सोडतात. वेगळा अलार्म गुडघ्याएवढ्या उंचीवर लावला, ५,०००ला वाजणारा. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी तीच मर्यादा धरतात. त्याचा आकडा दाराबाहेर दिसतो. मावशींना एकच नियम सांगितला: आकडा २,०००च्या वर असेल तर दार उघडायचं, पंखा लावायचा, बाहेर चहा प्यायचा. चहाचा भाग त्यांना लगेच पटला. रेग्युलेटर, व्हॉल्व्ह, कंट्रोलर, अलार्म मिळून १९ हजार गेले.

नळी कुठे सोडायची यावर भावाशी वाद झाला. शेवटी ती बारीक भोकं पाडून रॅकच्या सगळ्यात वरच्या मजल्यावरून फिरवली आणि खाली छोटे पंखे ठेवले. जड गॅस वरून सुटला की पानांतून जात खाली येतो, पंखे तो पुन्हा ढवळतात.

जून २०२५च्या पहिल्या आठवड्यात व्हॉल्व्ह उघडला. खोलीचा आकडा ४००वरून ८००वर न्यायला पंचवीस-तीस ग्रॅम गॅस पुरतो, हे बघून आम्ही खूश. पण गॅस तिथे राहत नाही. पहिला सिलिंडर महिनाभरात संपला. तेव्हा पॅनेलचे सांधे, एसीच्या पाइपचं भोक, दाराखालची फट असं सगळं सिलिकॉन आणि रबरपट्टीने बंद केलं. उदबत्ती घेऊन फटीफटीपाशी धरायची, धूर कुठे ओढला जातो ते बघायचं, तिथे सिलिकॉन. शंभर रुपयांची ही उदबत्ती-तपासणी कंट्रोलरपेक्षा जास्त कामाची ठरली. नंतरचा सिलिंडर दोन महिन्यांच्या आसपास पुरू लागला.

सिलिंडरमध्ये किती गॅस उरलाय हे गेजवर कळत नाही, हेही लक्षात ठेवा. आत द्रव असेपर्यंत दाब जवळजवळ तेवढाच राहतो, सकाळ-दुपारच्या तापमानाप्रमाणे काटा थोडा हलतो एवढंच. द्रव संपला की काटा भराभर पडतो. आम्ही सिलिंडर धान्याच्या वजनकाट्यावरच उभा केलाय आणि रोज सकाळी वजन वहीत लिहितो.

ती वही ऑगस्टमध्ये उपयोगी पडली. पडद्यावर ८०० तसंच होतं, पण सिलिंडर रोज आधीपेक्षा जास्त हलका होत होता. फटी पुन्हा तपासल्या, काही नाही. मग उसना मीटर पुन्हा आणला, आधी बाहेर वडाखाली वीस मिनिटं ठेवला, तिथे ४३० आले. आत त्याने ११००च्या पुढे दाखवले, आणि शेजारीच कंट्रोलर म्हणत होता ८००. कारण पुस्तिकेत बारीक अक्षरांत सापडलं. असे बरेच सेन्सर स्वतःला आपोआप जुळवून घेतात: मागच्या काही दिवसांतलं सगळ्यात कमी माप म्हणजे बाहेरची ताजी हवा, असं गृहीत धरतात. ऑफिसात किंवा घरात ते बरोबर. आम्ही दिवे रात्री लावतो, त्यामुळे आमच्या खोलीत दिवसा अंधारात माणसं आणि झाडं दोघंही गॅस सोडतात, रात्री सिलिंडर सोडतो. आकडा ४००वर कधी उतरतच नाही. सेन्सर मग सातशेलाच चारशे समजायला लागतो आणि गॅस सोडत राहतो. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते. आता ती बंद आहे आणि दर महिन्याला सेन्सर वडाखाली नेऊन हाताने जुळवतो. खरेदीच्या आधी विक्रेत्याला एवढा एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा.

झाडांचं काय झालं? बेसिलने मनावर घेतलं. दोन कापण्यांमधलं अंतर चार आठवड्यांवरून तीन आठवड्यांच्या थोडं पुढे आलं आणि ट्रेमागे पाला साधारण पाव पटीने वाढला. खोडं जाड, पेरं जवळजवळ. लेट्यूसचा उजेड आम्ही २२०वरच ठेवला होता. ते तीन-चार दिवस लवकर तयार व्हायला लागलं, पण जुलैत त्याच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपायला लागल्या. गॅस जास्त असला की पानांवरची छिद्रं अर्धवट मिटतात, झाड पाणी कमी ओढतं, आणि पाण्यासोबत वर जाणारं कॅल्शियम नव्या पानांपर्यंत पोचत नाही. त्यात वाढ जोरात. कॅल्शियम वाढवून काही फरक पडला नाही, कारण पाण्यात ते होतंच. फरक पडला तो प्रत्येक मजल्यावर वरून थेट गाभ्यावर वारा घालणाऱ्या छोट्या पंख्यांनी, आणि खताची तीव्रता थोडी उतरवल्यावर. पानं छिद्रं मिटून बसल्याने थोडी जास्त तापतात, पण गॅस भरपूर असताना झाडांना थोडी जास्त उष्णता मानवते. त्यामुळे बेसिलसाठी एसी २४वरून २६ केला. झाडं खूश, बिलही खूश.

फटी बुजवल्याचा एक त्रास मात्र झाला: ओलावा कोंडला. दिवे बंद झाले की भिंतींवर थेंब. पावसाळ्यात बेसिलवर पानांखाली राखाडी बुरशी दिसली, दोन ट्रे काढून टाकले. डीह्युमिडिफायर आधी यादीत सगळ्यात खाली होता, तो सप्टेंबरात २४ हजारांना घ्यावाच लागला. मी आज पुन्हा हे करत असते तर गॅसच्या आधी तो घेतला असता.

दिवे आम्ही संध्याकाळी सहा ते सकाळी दहा लावतो, म्हणजे एसीला दुपारच्या उन्हाशी झगडावं लागत नाही. नोव्हेंबरपासून रात्री बाहेर गारवा आला तेव्हा सिलिंडरची चावी बंद केली आणि जाळी-फिल्टर लावलेला पंखा चालू केला. थंड, कोरडी, ४३०ची हवा फुकट आत येते, ओलावा बाहेर जातो, एसी जवळजवळ बंद. पाला जूनइतका नाही निघाला, पण फार मागेही नव्हता आणि बिल बरंच खाली आलं. फेब्रुवारीअखेर पुन्हा खोली बंद करून गॅस सुरू केला. घाटमाथ्याच्या जवळ ज्यांची खोली आहे त्यांनी बारा महिने सिलिंडर वापरायची मला तरी गरज दिसत नाही.

पैशांचं सरळ सांगायचं तर गॅस हा यातला स्वस्त भाग आहे, महिन्याला सात-आठशे रुपये. खर्च आहे तो वीज, दिवे आणि ओलाव्याचा. फक्त लेट्यूस लावणाऱ्याने, दिवे २००च्या आसपास ठेवणाऱ्याने हा उद्योग करू नये. चांगला पंखा आणि दिवसातून चारदा उघडलेलं दार पुरेल. बेसिल, मिरची, टोमॅटो, स्ट्रॉबेरी अशा जोरदार उजेड खाणाऱ्या पिकांना विचार करायला हरकत नाही. शेजारच्या ऊसवाल्या काकांनी शेडनेट टाकून उसाला गॅस द्यावा का असं विचारलं होतं. ऊस, मका, ज्वारी ही पिकं कार्बन डायऑक्साइड पानात स्वतःच साठवून दाट करून घेतात, त्यांना वरून देऊन फारसं काही मिळत नाही. आणि शेडनेटमध्ये तो टिकणार कसा!

सध्या एक अडचण आहे. एप्रिल-मेमध्ये सरबत-सोड्यावाल्यांची मागणी वाढते आणि गॅसवाले काका भरलेला सिलिंडर द्यायला आठ-दहा दिवस लावतात. म्हणून या वर्षी होळीच्या आधीच दुसऱ्या सिलिंडरची अनामत भरून ठेवली आहे. वहीत वजन दहा किलोवर आलं की काकांना फोन करायचा, असं मावशींनीच ठरवून टाकलंय.